लेकीचे बाण

गेल्या उन्हाळ्यात माझ्या लेकीने धनुष्य खुंटीला टांगले आणि म्हणाली, "अम्मी, मला नाही जमत." तेरा वर्षांची मुलगी, दोन वर्षे रोज फजरनंतर मैदानावर जाणारी. तिचा प्रत्येक बाण निशाण्याच्या डावीकडे जात होता. सर म्हणत, दोरी सोडताना हात हलतो. ती हात सुधारायची, बाण पुन्हा डावीकडेच. चूक तिची नव्हती, माझी होती. ते कळायला मला तीन महिने लागले.

आम्ही गडचिरोलीत राहतो. इथे धनुष्य ही नवलाची वस्तू नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, तरी आतल्या गावांत गोंड आणि माडिया घरांमध्ये बांबूचे धनुष्य अजून भिंतीवर दिसते. त्याला दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. माझी लेकही बांबूच्या धनुष्यावरच शिकली. मग तिला लाकडी धनुष्य मिळाले, 24 पाऊंडांचे, म्हणजे पूर्ण ओढायला साधारण 11 किलोचा जोर. त्याला नेम धरायची काच नाही, काही नाही. लाकडातच कोरलेल्या टेकूवर बाण ठेवायचा, ओढायचा आणि सोडायचा. सर म्हणाले, आता बांबूचे बाण पुरे, ॲल्युमिनियमचे घ्या. बांबूचा एक बाण दुसऱ्यासारखा कधीच नसतो, त्यामुळे मुलगी चुकली की बाण चुकला हे कळत नाही. अमेरिकेतल्या डग ईस्टनने 1939 साली ॲल्युमिनियमचे बाण बनवले तेही याच कारणासाठी. लाकडाच्या कांड्या निवडून निवडून तो कंटाळला होता.

बाण घ्यायला मीच गेले. मी शिवणकाम करते. कापड घेताना दोन बोटांत धरून बघायची सवय. दुकानदाराने दोन नळ्या पुढे ठेवल्या, एक बारीक, एक जाड. कुठल्या धनुष्याला हव्यात हे त्याने विचारले नाही आणि मला सांगायचे सुचले नाही. जाड नळी हातात भक्कम वाटली. पोरीच्या हातून लवकर मोडणार नाही म्हणून तिच्या सहा घेतल्या. माझ्या दोन महिन्यांच्या पिको-फॉलचे पैसे होते ते. मुलांच्या अब्बूंचे सायकलचे दुकान आहे. त्यांनी लेकीचा हात मोजून सगळ्या नळ्या 26 इंचांवर कापल्या. कामात सफाई होती. मी खूश.

धानोऱ्याकडचे एक गोंड आजोबा अधूनमधून मैदानाजवळ बांबू विकायला येतात. एके दिवशी ते लेकीची नेमबाजी बघत थांबले. तीन बाण झाल्यावर त्यांनी एक मागून घेतला, दोन्ही टोके धरून मांडीवर दाबला आणि मला म्हणाले, "हा बान लवतच नाई, माय. लाकडाले खटकन लागते, आयकून पाय." मी ऐकले. खरेच, प्रत्येक बाण सुटताना धनुष्यावर खट्ट आवाज होत होता. तीन महिने मी तिथे बसत होते आणि तो आवाज मला ऐकू आला नव्हता.

सरांनी मग समजावले. दोरी धनुष्याच्या मध्यावर येते, पण बाण असतो बाजूला. म्हणजे वाटेत धनुष्याचे लाकूड आडवे येते. बाण थोडा वाकून त्या लाकडाला वळसा घालतो आणि पुढे सरळ होतो. ताठ बाण वळसा घालत नाही, लाकडावर आपटून बाजूला फेकला जातो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा डावीकडे. फार लवचिक असला तर उजवीकडे. माझ्या जाड नळ्या याहून कितीतरी जोरदार धनुष्याच्या होत्या.

ते नळीवर लिहिलेलेही होते, मी वाचले नव्हते इतकेच. आमच्या नळ्यांवर 1916 होते. पहिले दोन आकडे जाडीचे, इंचाचे 64 भाग केले तर त्यातले 19. पुढचे दोन पत्र्याचे, इंचाच्या हजार भागांतले 16. आम्हाला हवी होती 1616. पत्रा तोच, जाडी पाव इंच. फरक जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. एवढ्याने काय होते, असे मलाही वाटले.

म्हणून घरी करून पाहिले. कारखान्यात नळी 28 इंचांवरच्या दोन टेकूंवर ठेवतात, मध्ये 880 ग्रॅम वजन टांगतात आणि ती किती झुकते ते मोजतात. आमच्या कापलेल्या नळ्या तेवढ्या पुरत नव्हत्या, म्हणून अब्बूंनी फळीवर 24 इंचांवर खिळे ठोकले. शेजारच्या किराणावाल्याकडून वजने आणली, 500, 200, 100, 50, 20 आणि 10. बरोबर 880. जुनी नळी सुमारे 10 मिलिमीटर झुकली. सरांकडून आणलेली 1616 झुकली 17. लेक ती पट्टी हातात धरून बराच वेळ बघत होती. मग तिने विचारले, "म्हणजे माझा हात ठीक होता?"

मला तिच्याकडे बघवेना.

जुन्या नळ्या लांब असत्या तर पुढे जड टोक लावून थोड्या नरमावता आल्या असत्या. पण कापलेली नळी वाढवता येत नाही. नव्या 1616 आल्या तेव्हा मी अब्बूंना हात लावू दिला नाही. आधी दोन नळ्यांना पिसे न लावताच मारायचे ठरले, कारण मागची पिसे बाणाची खोड झाकतात. 28 इंच लांबीवर त्या थोड्या उजवीकडे गेल्या, म्हणजे आता जास्त लवत होत्या. मग पाव-पाव इंच कापत गेलो. तिसऱ्या कापणीनंतर, सव्वासत्तावीसवर, दोन्ही बाण निशाण्याच्या मध्याजवळ बसले. त्या संध्याकाळी घरात शिरखुर्मा झाला, ईद नसताना.

कापायचे काम नाजूक. पाईप कटरने नळीचे तोंड आत दबते, हॅकसॉने फाटते. ग्राइंडरच्या पातळ चकतीने कापून आतली कोर घासावी लागते. टोक बसवताना गरम करायचे ते टोकच, नळी नाही. पक्कडीत टोक धरून गॅसच्या आचेवर तापवायचे, त्यावर डिंकाची कांडी फिरवायची आणि नळीत पिळत बसवायचे. पातळ ॲल्युमिनियम जास्त तापले की त्याची मजबुती जाते. हा डिंक पुन्हा तापवला की सुटतो, म्हणून तर तीनदा कापता आले.

पिसे मी लावली. पहिल्या बाणांना प्लॅस्टिकची पाती होती, ती लाकडी टेकूवरून जाताना अडतात. पिसे दबून निघून जातात. एका बाणाला तीन, सारख्या अंतरावर, आणि सगळी एकाच पंखाची. डावी-उजवी मिसळली की बाण नीट फिरत नाही. एक पीस धनुष्यापासून दूर, बाहेर तोंड करून. सरांकडून साचा आणला होता, तरी 18 पिसांना दोन रात्री गेल्या. ब्लाउजची बाही बसवण्यापेक्षा सोपे नाही, एवढे सांगते.

सासूबाईंना हे सारे मुळातच पसंत नव्हते. मुलीच्या जातीला धनुष्य कशाला, हे त्यांनी दोन वर्षे ऐकवले. पण चंद्रपूरला निवड चाचणीला निघायच्या आदल्या रात्री त्यांनी जुन्या जीनचा भाता शिवून दिला, तळाला जाड नमदा घालून. म्हणाल्या, एसटीत टोके उघडी न्यायची नाहीत. बुखारीत हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांची रिवायत आहे, मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेणाऱ्याने टोके धरून ठेवावीत, कुणाला इजा होऊ नये. वैनगंगेच्या पुलावर बस उसळली तेव्हा लेकीने भात्याचे तळ दोन्ही हातांनी धरले होते.

निवड झाली नाही. सहा मुली हव्या होत्या, ती सातवी आली. परतताना मूलपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, "शेवटचे दोन उजवीकडे गेले ना, ते माझ्यामुळे. घाई केली मी." सूर तक्रारीचा नव्हता.

घरी येऊन तिने सहाही बाण काचेवर फिरवले. चार नंबरचा थरथरत होता, लाकडी चौकटीला लागून वाकला असणार. 1616 ची एक नळी मागवली आहे. पिसे या वेळी मीच लावणार, म्हणते.