प्लास्टर उघडून बघा

चिंचेवरून पडला आणि माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचं नडगीचं हाड मोडलं. हाडाचं टोक कातडी फाडून बाहेर डोकावलं होतं. जखम शेंगदाण्याएवढी. तालुक्याच्या दवाखान्यात दोन टाके घातले, वरून पक्कं प्लास्टर चढवलं आणि घरी सोडलं.

पाचव्या दिवशी ताप भरला. मोडलेलं हाड बसवल्यावर दुखणं दिवसागणिक उतरायला हवं. याचं वाढत होतं. "आई, आत कुणीतरी खिळा ठोकतंय," म्हणायचा. दवाखान्यात नेलं. बोटं हलतात ना, मग काळजी नाही, म्हणून तापाचं औषध दिलं. सातव्या दिवशी पुन्हा गेले. "पोराला सोसायची सवय लावा, ताई." मी म्हटलं, जखमेवरचं प्लास्टर कापून एकदा बघा तरी. डॉक्टर म्हणाले, हाड सरकलं तर जबाबदार कोण? एक्स-रे काढून माझ्यापुढे धरला, "बघा, हाड स्वच्छ आहे." मी गप्प बसले. हाडात पू झाला तरी सुरुवातीचे दहा-पंधरा दिवस एक्स-रेत काही दिसत नाही, हे मला मागाहून कळलं. मला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्यांना होतं.

नवव्या दिवशी प्लास्टरला घाण वास सुटला. रात्रीच जीप करून मिरज गाठलं. प्लास्टर कापताच टाक्यांमधून पू ओघळला. तिथले डॉक्टर म्हणाले, हाड कातडीबाहेर आलं की जखम केवढीही असो, जंतू आत गेलेच असं धरून चालायचं. लगेच अँटिबायोटिक द्यायचं, जखम ऑपरेशन थिएटरमध्ये उघडून धुवायची. पुढे तीन ऑपरेशनं, सहा आठवडे अँटिबायोटिक. मेलेल्या हाडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा काढला, तो मी ट्रेमध्ये पाहिला.

त्या डॉक्टरांना मी कधी माफ करणार नाही, असं सगळ्यांना सांगत आले. पण सातव्या रात्री "सोस जरा, बाळा," असं मीही त्याला म्हणाले होते. ते आठवलं की राग निवतो. मग पुन्हा वाटतं, मी आई होते, ते डॉक्टर होते.

प्लास्टरच्या आत दुखणं वाढत असेल, ताप येत असेल, वास येत असेल, तर उघडून बघायला सांगा. नाही म्हणाले, तर त्याच दिवशी दुसरीकडे न्या. माझा मुलगा आता पंधरा वर्षांचा आहे. चालतो, सायकल चालवतो. डावा पाय दीड सेंटिमीटर आखूड आहे.