बाबांच्या हृदयातली ओल

मागच्या पावसाळ्यात बाबा पेणहून मला भेटायला आले आणि पनवेल स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबले. पंधरा वर्षांचं बीपी. हार्बर पकडून मुंबईला नेलं, हृदयाचा एमआरआय काढला. रिपोर्ट : व्रण नाही. बाबा एवढे खूष, की परतताना वडापाव खाल्ला (बीपी असताना!). धाप मात्र तशीच.

दुसरे डॉक्टर म्हणाले, "परत काढा, टी-वन मॅपिंगसकट." पुन्हा खर्च! मी चिडलोच. मग वाचायला बसलो.

पहिल्या पद्धतीत गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन थोड्या वेळाने चित्र घेतात. निरोगी स्नायू काळा दिसेल असं टायमिंग लावतात. व्रणात औषध रेंगाळतं, म्हणून तो पांढरा उठून दिसतो. हार्ट अॅटॅकचा डाग यात झकास सापडतो. पण फायब्रोसिस सगळीकडे सारखाच पसरला असेल तर? आपल्या होस्टेलच्या भिंती आठवा. जूनमध्ये कोपऱ्यात डाग दिसतो, रेक्टरकडे तक्रार जाते. ऑगस्टमध्ये अख्खी भिंतच ओली, मग डाग दाखवणार कुठला?

टी-वन मॅपिंग तुलना करत नाही, मोजतं. 2004 साली आलेल्या 'मोली' पद्धतीत श्वास रोखून 17 ठोक्यांत 11 चित्रं घेत आणि प्रत्येक पिक्सेलला एक्स्पोनेन्शियल कर्व्ह बसवत. सेकंड इयरला आरसी सर्किटवर आपण शिव्या देत केलं, जवळपास तेच! उत्तर मिलिसेकंदांत. गोची अशी, की मोलीचं उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. 'साशा' पद्धत खऱ्याच्या जवळ जाते, पण तिचं रीडिंग जास्त हलतं. त्यात 1.5 टेस्लाच्या मशीनचा आकडा 3 टेस्लाला लावता येत नाही. म्हणून इंजेक्शनच्या आधी आणि नंतर टी-वन मोजतात, रक्ततपासणीतला हिमॅटोक्रिट घालतात आणि ईसीव्ही काढतात, म्हणजे स्नायूत पेशींबाहेरची जागा किती टक्के. मला हीच पद्धत पटली. मशीनमधला फरक भागाकारात बराचसा उडून जातो. निरोगी माणसात साधारण 25 टक्के येतं.

बाबांचं 31 आलं. सूज असली तरी आकडा वाढतो, अमायलॉइडमध्ये तर खूपच. डॉक्टरांनी ते तपासलं, मग बीपीच्या गोळ्या बदलल्या. वर्षाने पुन्हा मोजायचंय.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "पंचवीसला एकतीस म्हणजे पास ना रे?"

मी म्हटलं, "गोळी घेतली का?"