भिंतीची तहान

दिवाळी जवळ आली की घराला रंग द्यायचा, हा आपल्याकडे नेमच होऊन बसला आहे. नवे कपडे, चकलीची भाजणी आणि भिंतींना रंग! पण विटेच्या भिंतीला कुणी विचारले, तर ती म्हणेल, "अहो, चार महिने पाणी पितेय मी, आधी जरा वाळू तरी द्या!"

वीट ही मोठी तहानलेली वस्तू. २४ तास पाण्यात ठेवली तर साध्या विटेने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक पाणी पिऊ नये, असा दंडक आहे. म्हणजे ३ किलोच्या विटेला ६०० ग्रॅम पाणी माफच! पावसाळ्यात घेतलेले हे कर्ज ती हिवाळ्या-उन्हाळ्यात निमूटपणे फेडते. बिघडते ते ही फेड आपण अडवतो तेव्हा.

पुण्यातले आमचे घर वडिलांनी १९५८ साली बांधले. भिंती नऊ इंची, दरजा चुन्याच्या. पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडाची, आणि तिलाच लागून आईची खाट. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा कडक गिलावा आणि वर चकचकीत रंग चढवला. "आता थेंब शिरायचा नाही," म्हणाला. दोन उन्हाळ्यांत गिलाव्याला केसासारख्या चिरा गेल्या. त्यांतून पाणी शिरे. परतायला मात्र वाट नव्हती. मग ते घरात डोकावू लागले. आधी डाग, मग पांढरा लोणा, मग पोपडे. विटांतले क्षार पाण्यात विरघळतात. पाणी उडाले की त्यांचे खडे रंगाखाली वाढतात आणि रंगालाच ढकलून देतात.

आईचा खोकला हटेना. धाकटा भाऊ म्हणाला, "घर संपलं, दादा. बिल्डरला देऊन टाकू." आई काही बोलली नाही, फक्त खाट हलवू देईना.

शेवटी एक वृद्ध गवंडी आले. त्यांनी भिंत बोटांनी वाजवून पाहिली. म्हणाले, "साहेब, भिंत धडधाकट आहे. तिचं तोंड बांधलंय."

आधी पाणी येते कोठून ते पाहायचे, हा त्यांचा पहिला धडा. पन्हळ फुटलेली होती, एका फटीत पिंपळाने मूळ धरले होते आणि अंगणातली माती जोत्याच्या वर चढली होती. जमिनीची ओल विटांतून वर चढते. काळा दगड विटेइतके पाणी पीत नाही. शनिवारवाड्याचा तट पाहा, खाली दगड आणि वर वीट!

ही तीन कामे उरकल्यावर गिलावा काढला. लोणा कोरड्या ब्रशाने झाडला. धुतला असता तर पुन्हा आत मुरला असता. भुसभुशीत दरजा पाऊण इंच कोरून, ओल्या करून, एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू असा माल भरला. सांधा विटेपेक्षा नरम हवा. उन्हापावसात भिंत फुगते, आकसते. त्या ओढाताणीत फुटायचेच तर सांध्याने फुटावे, विटेने नव्हे. सांधा पुन्हा भरता येतो.

मग भिंत होळीपर्यंत उघडी ठेवली. नऊ इंची भिंत वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात. येणारेजाणारे हळहळत, आई त्यांना चहा देऊन गप्प करी. फाल्गुनात चुन्याची सफेदी दिली.

आईचा खोकला थोडा वयाचाही असेल. पण यंदा श्रावणात त्या भिंतीवर हात फिरवला, तर कोरडा राहिला. भावाने बिल्डरचा विषय अद्याप पुन्हा काढलेला नाही.

तेव्हा रंगवाला दारी आला, तर कोरड्या भिंती त्याच्या खुशाल हवाली करा. ओल्या भिंतीपुरता मात्र त्याला फाल्गुनाचा वायदा द्या.