नुसती सर्दीच आहे

माझी डावी किडनी २०१७ पासून ह्यांच्या पोटात आहे. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, पण ह्यांच्या शरीराच्या लेखी ती अजून परकीच! शरीराने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट घ्यायचं, जोडीला थोडं प्रेडनिसोलोन. या गोळ्या म्हणजे पहारेकऱ्याला दिलेली गुंगी. किडनी वाचते, पण खरा चोर आला तरी पहारेकरी पेंगतच असतो.

२०२० आणि २०२१ आम्ही फार जपून काढलं. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन घेणारं घर होतं आमचं. लसी घेतल्या. या गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगात लशीनंतरही प्रतिपिंडं कमी तयार होतात, कधी कधी होतच नाहीत, म्हणून घरातल्या बाकीच्यांनीही लस घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं आणि मी उरलेले मास्क कपाटात टाकले.

जानेवारी २०२४. इंदूरची कडाक्याची थंडी आणि संक्रांतीची हळदीकुंकवं. एका संध्याकाळी पाच घरं केली. तिसऱ्या दिवशी घसा खवखवायला लागला. मी कोणाला बोलले नाही. खरं सांगते, बोलले असते तर वेगळ्या खोलीत झोपावं लागलं असतं आणि शनिवारचं आमच्याकडचं हळदीकुंकू रद्द करावं लागलं असतं. वाणाचे स्टीलचे डबे आणून ठेवले होते. ‘नुसती सर्दीच आहे’ म्हणत आल्याचा चहा पीत राहिले.

मी चार दिवसांत बरी झाले. ह्यांना जरा खोकला होता, पण ताप नव्हता, म्हणून मी निश्चिंत. मग एका सकाळी जिना चढताना हे मध्येच पायरीवर बसले. ड्रॉवरमधला जुना ऑक्सिमीटर बोटाला लावला तर ९१.

कोरोनाच होता, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. “पण ताप कुठे होता?” मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारत होते. ते म्हणाले, ताप आणणं हे प्रतिकारशक्तीचंच काम. तीच दाबलेली असेल तर ताप येईलच असं नाही.

पुढचा पेच विचित्र होता. गोळ्या तशाच चालू ठेवल्या तर विषाणू आटोक्यात येईना, कमी केल्या तर शरीर किडनीवर उलटणार. मायकोफेनोलेट थांबवलं, रेमडेसिव्हिर दिलं. रोज सकाळी मी ऑक्सिजनच्या आधी क्रिएटिनिनचा आकडा विचारायची. १.३ चं २.१ झालं, तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. चौथ्या आठवड्यातही तपासणी पॉझिटिव्हच. अशा रुग्णांत विषाणू कित्येक आठवडे, क्वचित महिनोन्‌महिने जिवंत राहतो, हे तेव्हा कळलं.

अकराव्या दिवशी मी ह्यांना खवखवीचं सांगून टाकलं. हे बराच वेळ छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, “डबे वाटलेस का?”

वाटले नव्हते. अजून माळ्यावर आहेत. क्रिएटिनिन आता १.६ वर थांबलंय, पूर्वीच्या आकड्यावर काही आलं नाही.

त्या सप्टेंबरात गणपतीला थोरल्या वन्सं आल्या, हातात मोदकांचा डबा, नाक लाल. म्हणाल्या, “अगं, कोरोना नाही, टेस्ट केलीय.” पण नुसत्या सर्दीचेही जुने चार कोरोना विषाणू आहेत. ओसी४३, २२९ई अशी त्यांची नावं. आपल्याला दोन रुमालांत बरं करणारे हे विषाणू ह्यांच्यासारख्यांच्या छातीत उतरू शकतात, हे डॉक्टरांनी मला समजावलं होतं. दारात उभ्या असलेल्या नणंदेला हे कसं सांगायचं, ते मात्र कोणी शिकवलं नव्हतं. “वन्सं, आज आत नका येऊ,” एवढंच तोंडातून निघालं. ज्यांनी ह्यांना कडेवर खेळवलं, त्या वन्सं डबा पायरीवर ठेवून परत गेल्या.

दिवाळीत त्या आल्या नाहीत. भाऊबीजेला हेच मास्क लावून गेले. आत न जाता अंगणातच पाटावर बसले. ओवाळताना वन्संनीही नाकातोंडाला पदर लावला होता.