पट्टीवरची जागा

गेल्या जूनमध्ये शाळेतली माझी खोली गेली. पोषण आहाराच्या तांदळाला उंदीर लागले होते आणि दुसरी पक्की खोली नव्हती. पोती आत गेली, मी बाहेर आले. मुख्याध्यापकांशी कडाकडा भांडले. भिंती मी स्वतः रंगवल्या होत्या, सतरंजी पदरच्या पैशाने आणली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी वाचायला अडणारी माझी सहा-सात मुलं तिथे बसायची. भांडताना तोंडात मुलांचा हक्क होता, दुखणं मात्र वेगळंच. "बाई, तुमच्या खोलीत बरं वाटतं," हे वाक्य मी एकोणीस वर्षं पदकासारखं मिरवलं होतं. ते मिरवायची जागाच तांदळाने भरून गेली.

पहिली वेलांटी डोळ्यांना आधी भेटते आणि तोंडातून मागून निघते. रफार उच्चारात आधी येतो आणि कागदावर पुढच्याच्या डोक्यावर चढून बसतो. त्याबद्दल इथे लिहीत नाही. तो गुंता सुटतो. कुणी वाळूत बोट फिरवून सोडवतं, कुणी टाळ्या वाजवून. मला न सुटलेली गोष्ट अगदी बावळट आहे. मूल वर्गातून उठलं की बस्करपट्टीवरची त्याची जागा मिटते.

यात दुष्टपणा कुणाचाच नसतो. एक पोरगं इकडून सरकतं, एक तिकडून, मांडी ऐसपैस होते. पाऊण तासाने माझं मूल परत येतं, तेव्हा धडा पुढे गेलेला असतो आणि बसायला जागा नसते. ते दाराशी, चपलांच्या कडेला टेकतं. आमच्या प्रशिक्षणांत मुलाला वर्गातून कसं न्यावं यावर तासन् तास बोलतात. परत कसं बसवावं यावर मी अजून एकही भाषण ऐकलेलं नाही.

उपाय खूप केले. दप्तर जागेवर ठेवून यायला सांगितलं, तर दप्तर भिंतीशी गेलं. खडूने चौकोन आखला, तर पोरींनी त्यात सागरगोटे मांडले. मग एक नामी युक्ती काढली: माझ्या मुलाबरोबर वर्गातली पहिल्या नंबरची मुलगीही न्यायची, म्हणजे खोलीला बट्टा लागणार नाही. जिल्ह्याच्या कार्यशाळेत मी ही युक्ती सांगितली आणि टाळ्या घेतल्या. पंधरा दिवसांत त्या मुलीची आई दारात उभी. "बाई, आमच्या पोरीत काय कमी आहे?" मुलीचं येणं थांबलं. पण तेवढ्या दिवसांत एक गोष्ट डोळ्यांसमोर घडत होती. ती मुलगी परत आली की पोरी आपसूक सरकायच्या. तिची जागा कधी मिटलीच नाही. तेव्हाच कळायला हवं होतं. मला टाळ्याच आठवत राहिल्या.

ज्याच्यासाठी हे लिहिते आहे तो बालाघाटातल्या तांड्यावरचा. आईबाप ऊसतोडीला. दिवाळी झाली की गाडीत बसायचं, शिमग्याच्या आगेमागे परतायचं. पहिल्यांदा त्याला तपासलं तेव्हा भाकरीच्या चित्राला तो 'बाटी' म्हणाला आणि आईच्या चित्राला 'याडी'. दोन्हीपुढे फुली पडली. फुली मारणारा हात माझाच.

पुढे दोन वर्षं मी एकाच प्रश्नाभोवती फिरले. अडतंय ते भाषेमुळे की अक्षरामुळे? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यांत अध्ययन अक्षमताही आहे. पण दाखला देताना शाळा बुडाल्यामुळे किंवा घरची भाषा वेगळी असल्यामुळे मूल मागे पडलेलं नाही ना, हे पाहावं लागतं. बरोबरच आहे ते. पण या पोराची शाळाही बुडते, भाषाही वेगळी आणि अक्षरही अडतं. तीन दुखणी असली की एकाचाही कागद मिळत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने केलेली, वाचनातली अडचण तपासणारी 'डाली' चाचणी मराठीत आहे, त्याचंच आम्हाला अप्रूप; तांड्यावरच्या गोरमाटीचं नाव कुठे काढायचं? शेवटी उत्तर त्याच्या धाकट्या बहिणीने दिलं. तोच तांडा, तोच कोयता, तितकीच बुडालेली शाळा, आणि ती किराणा दुकानाच्या पाट्या घडाघडा वाचत होती.

२००७ साली 'तारे जमीं पर' आला. त्या सिनेमाने आमच्या मुलांना नाव मिळवून दिलं, हे मान्य. पण तेव्हापासून येणारा प्रत्येक साहेब विचारतो, "हा चित्रं चांगली काढत असेल ना?" नाही हो. याची गाय खाटेसारखी दिसते. माझ्या बहुतेक मुलांना अशी भरपाई करणारी कुठलीच कला येत नाही. वर्गात बसायला ती का लागावी? तीन डिसेंबरच्या, दिव्यांग दिनाच्या फेरीत हीच मुलं पुढे असतात, हातात न वाचता येणाऱ्या घोषणांचे फलक. शहरात रंगीत काचांचे चष्मे विकून वाचन सुधारतो म्हणणारेही आहेत. त्यांची फी ऐकली की माझ्या कंत्राटी पगाराची लाज वाटते. आणि थोडा हेवाही.

खोली गेली, तेव्हा मी वर्गातच त्याच्या मागे बसायचं ठरवलं. गुडघे खाली बसू देईनात. गुरुजींनी खुर्ची दिली. प्रकट वाचन ओळीने चालायचं. हा पुढची मुलं मोजायचा आणि पाळी दोनावर आली की पाणी प्यायला उठायचा. पूर्वी माझा मंगळवार त्याला यातून वाचवायचा. आता उठू द्यायचं नाही असं ठरवलं, पण खुर्चीवरून माझी कुजबूज त्याच्यापर्यंत पोचेना आणि बाकी सगळ्या वर्गाला ऐकू जाई. दोन-तीन आठवड्यांनी शेजारचं पोरगं माझ्याऐवजी कुजबुजू लागलं. तेही चुकीचं! 'सूर्य'चा 'सुरया' दोघांनी मिळून केला, पलीकडच्या पोरीने त्यात भर घातली. माझी जीभ वळवळत होती. मी गप्प बसले ते शहाणपणाने नव्हे. त्या दिवशी घसा बसला होता. पुढच्या खेपेला घसा बरा होता, पण मला कुणी विचारलंच नाही.

दिवाळीनंतर गाडी गेली. पट्टीवरची जागा त्याच दिवशी मिटली.

शिमग्यानंतरच्या मंगळवारी मी दारात पोचले तर तो पट्टीसमोर उभा, उन्हाने आणखी रापलेला. जागा नव्हती. पिशवी ठेवून मी मधे पडणार, तेवढ्यात त्याने कुणाला न विचारता दोघांच्या मधे गुडघा घातला. शेजारच्या पोराने, गावातल्या बड्या वाड्यावरच्या, दणकून शिवी हासडली आणि सरकला. शिवी गोरमाटी होती. मला अर्थ लागला नाही. त्याला लागला असणार, कारण तो हसला आणि उच्चार दुरुस्त करून तीच शिवी त्याने परत केली.

गुरुजी खेकसले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.