रबरबँडमधले दोघे

आमच्या काकांच्या गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या कप्प्यात, काकूंच्या पाटल्यांच्या डबीखाली दोन पासपोर्ट राहतात. दोघांत मिळून एक रबरबँड. वरचा नवा, कडक, पान उलटलं की कुरकुरणारा. खालचा जुना, त्याच्या पुठ्ठ्यावरचे सोनेरी सिंह इतके झिजलेत की मुद्रेतल्या न दिसणाऱ्या चौथ्या सिंहाच्या पंगतीला बाकीचे तिघेही जाऊन बसलेत. एक कोपरा कात्रीने उडवलेला, अंगावर ‘रद्द’ असा शिक्का. तरी घरात मान त्यालाच. कारण त्याच्या मधल्या एका पानावर अमेरिकेचा व्हिसा चिकटलेला आहे आणि तो अजून काही वर्षं जिवंत आहे. पासपोर्ट मेला तरी त्यातला अमेरिकेचा व्हिसा मरत नाही. नव्याबरोबर जुनाही दाखवला की चालतं. तेव्हा हे दोघे जातील तिथे जोडीने जातात.

स्वभावाने हा प्राणी अबोल. उंची साडेबारा सेंटिमीटर, रुंदी नऊच्या आत, पानं छत्तीस. फार हिंडणाऱ्यांसाठी साठ पानी थोरला भाऊही मिळतो, पण आमच्या घराण्यात तो अजून आलेला नाही. छपाई नाशिकरोडची, इंडिया सिक्युरिटी प्रेसची. म्हणजे खरा नाशिककर, आणि अंगावर मराठीचं अक्षर नाही. हिंदी आणि इंग्रजीवर भागवतो. आत राष्ट्रपतींच्या नावाने साऱ्या जगाला सांगितलेलं असतं की या माणसाला अडवू नका, सुखाने जाऊ द्या, लागेल ती मदत करा. एकाच वाक्यात विनंती आणि हुकूम. जगातल्या किती खिडक्यांमागच्या साहेबांनी ते वाक्य वाचलं असेल, देव जाणे.

आणि तो आपला नसतोच. 1967 च्या पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमाने तो सदासर्वदा केंद्र सरकारच्या मालकीचा. दीड हजार रुपये भरून आपण तो फक्त सांभाळायला आणतो. काका भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. मालक कोण आणि ताबा कोणाचा, हा फरक त्यांना कोणी समजावून सांगावा लागत नाही. हे कलम कळल्यापासून ते पासपोर्टला जरा जास्तच अदबीने हाताळू लागले.

बाकी त्यातला मजकूर काकांना कधी पटलेला नाही. फोटोत ते फरारी दिसतात. त्यांचं नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. विमानाच्या तिकिटावर पहिली दोन नावं जागा न सोडता एकमेकांना चिकटून छापली जातात आणि आजोबांच्या अंगावर काका पडल्यासारखे दिसतात. फोटोच्या पानाच्या तळाशी दोन ओळी असतात, प्रत्येकी 44 खुणांच्या, मधली रिकामी जागा बाणाच्या टोकांनी भरलेली. त्या यंत्रासाठी. यंत्र तेवढ्याच वाचतं.

जन्मतारखेचा घोळ निराळा. काका भाद्रपदातले, गौरी जेवायच्या दिवशीचे. पण शाळेत नाव घालताना मास्तरांनी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे 1 जून ठोकून दिली. काकूंच्या गावचे मास्तरही त्याच रिवाजातले, त्यामुळे काकूही 1 जूनच्या. महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या वरची निम्मी माणसं 1 जूनला जन्मल्यासारखी वाटतात. दाखला तसा, म्हणून पासपोर्ट तसा. मास्तरांची ती थाप राष्ट्रपतींच्या नावाने देशोदेशी फिरते.

तर या जोडगोळीला कॅरिबियन बेटं दाखवायचं काकांच्या डोक्यात फार दिवस होतं. काका शाळकरी असताना 1971 चा दौरा झाला. वाडेकर कप्तान, सरदेसाईंच्या 642 धावा, आणि नव्या कोऱ्या गावसकरच्या चार कसोटींत 774. वेस्ट इंडीजला आपण पहिल्यांदा हरवलं ते त्याच दौऱ्यात, पोर्ट ऑफ स्पेनला. काकांचा जगाचा भूगोल धावफलकावरून पाठ झालेला: ब्रिजटाउन, किंग्स्टन, जॉर्जटाउन. पुढे 29 जून 2024 ला ब्रिजटाउनलाच रोहितच्या संघाने विश्वचषक उचलला, मग चक्रीवादळाने अख्खा संघ तिथेच अडकवून ठेवला, तेव्हा काका म्हणाले, अडकावं तर असं.

ट्रॅव्हल एजंटाने पहिल्याच बैठकीत चांगली बातमी दिली. “काका, बार्बाडोसला आपल्याला व्हिसा लागत नाही. त्रिनिदादला नाही. जमैकाला नाही, डॉमिनिकाला नाही.” आयुष्यभर बँक स्टेटमेंटं, आयकराची विवरणपत्रं आणि आमंत्रणपत्रं घेऊन व्हिसाच्या रांगेत उभं राहिलेल्या निळ्या पुस्तकाला असं कोणी नुसतं ‘या’ म्हणावं, याचं काकांना अप्रूप वाटलं. (रिचर्ड्सचं अँटिग्वा मात्र व्हिसा मागतं. काकांनी ते मनाला लावून घेतलं.)

शिवाय कॅरिबियन म्हणजे एक गाव नव्हे. मार्टिनिक आणि ग्वादलूप म्हणजे चक्क फ्रान्स. अरुबा, कुरसाव नेदरलँड्सच्या राजाच्या छत्राखाली. पोर्तो रिको अमेरिकेचं, केमन ब्रिटिशांचं. समुद्र एकच, निळाईही तीच, पण बेटागणिक उंबरठा वेगळा. पासपोर्टला हे पाठ असतं असं नाही. ज्याचा त्याने तपास करावा.

खरी मेख पुढे आहे. मुंबईहून या बेटांना थेट विमान नाही. कुठे तरी उतरावंच लागतं, आणि ज्यांच्या अंगणातून जायचं ते घरमालकापेक्षा कडक. अमेरिकेने बिनव्हिसाचं ट्रान्झिट ऑगस्ट 2003 मध्ये बंद केलं. न्यूयॉर्कला नुसतं या विमानातून त्या विमानात बसायचं असेल तरी व्हिसा हवा. लंडनला विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका किंवा कॅनडाचा वैध व्हिसा असला तर सवलत. आणि पुढचं विमान गॅटविकहून असेल तर हीथ्रोहून सामान उचलून, इमिग्रेशन ओलांडून, शहराच्या कडेने जायचं, म्हणजे ब्रिटनमध्ये प्रवेशच. काकांच्या शेजारच्या जोडप्याने हौसेने बार्बाडोसचं हॉटेल आधी ठरवलं आणि वाटेचा विचार नंतर केला. ते शेवटी बालीला गेले.

इथे रद्द झालेला म्हातारा कामाला आला. काकांची लेक न्यू जर्सीत एडिसनला असते, म्हणून तो व्हिसा कधीकाळी काढलेला. आता बेत असा ठरला: लेकीकडे जायचं, तिथून न्यूयॉर्क-ब्रिजटाउन, मग त्रिनिदाद, मग परत. नवा पासपोर्ट सज्जन खरा, पण सज्जनाला जामीन लागतो, आणि जामीन राहणारा निवृत्त. मला यातला अपमान दिसतो, काकांना सोय दिसते. पासपोर्टची म्हणून जी किंमत बाजारात चालते ती त्याच्या पुठ्ठ्यावरच्या देशाची थोडी, आत इतरांनी चिकटवलेल्या कागदांची जास्त. एका मोठ्या देशाने विश्वास टाकला की दुसरे डोळे झाकून टाकतात; कोरी पानं म्हणजे निष्कलंक चारित्र्य, असं कोणालाच वाटत नाही.

नवा मुळात आला कसा, तेही सांगायला हवं. जुन्याची मुदत संपायला पाच महिने होते. अनेक देशांना आणि त्याहून जास्त विमान कंपन्यांना सहा महिने शिल्लक हवे असतात. म्हणजे दहा वर्षांचा पासपोर्ट साडेनऊ वर्षांनीच म्हातारा होतो. सेवा केंद्रात काकांच्या बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर नकाशांच्या घड्या उलगडून बोटं गुळगुळीत झालेली. चौथ्या खेपेला यंत्राने मानलं.

त्रिनिदादमुळे या कुटुंबात एक तिसरा आला, पिवळा, सडपातळ. पीतज्वराच्या लशीचा दाखला. गंमत अशी की हा त्रिनिदाद मागत नाही, आपण मागतो. पीतज्वराच्या देशांची भारताची जी यादी आहे, तीत त्रिनिदाद आहे. पीतज्वर पसरवणारा डास आपल्याकडे मुबलक, रोग नाही. तो येऊ नये म्हणून परतणाऱ्याकडे दाखला नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, मग पासपोर्ट कितीही निळा असो. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. साठीच्या पुढे ही लस जपून देतात, म्हणून डॉक्टरांनी काकांची सगळी कुंडली विचारली. मधुमेह? औषधं? अ‍ॅलर्जी? त्रिनिदाद गाळता नाही का येणार? काका म्हणाले, पोर्ट ऑफ स्पेन गाळायचं तर मग अलिबागलाच जातो. डॉक्टरांनी तपासून लस दिली. काकूंनीही घेतली, तक्रार न करता, क्रिकेटशी काडीचा संबंध नसताना.

न्यूयॉर्कच्या काउंटरवरच्या मुलाने नव्या पासपोर्टची पानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि बार्बाडोसचा व्हिसा विचारला. लागत नाही, असं काकांनी सांगितलं. माणसाच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवतो? विमान कंपन्यांकडे टिमॅटिक नावाचं एक संगणकी पंचांग असतं: कुठला पासपोर्ट, कुठे निघालाय, काय हवं. कारण समोरच्या देशाने माणूस नाकारला तर त्याला परत आणायचा भुर्दंड कंपनीच्या माथी बसतो. मुलाने टाइप केलं, वाचलं, पुन्हा टाइप केलं. मग वरिष्ठ बाई आल्या, त्यांनी वाचलं. मग परतीचं तिकीट पाहिलं, हॉटेलचा पत्ता पाहिला, आणि दोन बोर्डिंग पास दिले. काका सांगतात, त्या मुलाच्या चेहऱ्यावर नवल होतं. मला वाटतं ते काकांच्याच चेहऱ्यावर असावं.

ब्रिजटाउनच्या खिडकीतल्या बाईंनी वरचा पासपोर्ट घेतला. काका सवयीने रबरबँडमधला दुसराही पुढे सरकवू लागले, तर त्यांनी बोटानेच नको म्हटलं. कुठे उतरणार, कधी जाणार, एवढं विचारलं. मग त्यांची नजर काकांच्या पानावर, काकूंच्या पानावर, परत काकांच्या पानावर.

“दोघंही 1 जून?”

आता आली का पंचाईत, काकू मनात म्हणाल्या. काका मात्र खुलले. त्यांनी आपल्या इंग्रजीत शाळा, मास्तर, जून महिन्यात उघडणारे वर्ग, सगळं समजावलं. मागची रांग थांबली. बाई हसून म्हणाल्या, की मग हे तुमच्या मास्तरांचं घर आहे असं समजा, आणि कोऱ्या पानाच्या मधोमध शिक्का हाणला. मधोमध! काका नेहमी म्हणतात, शिक्का कोपऱ्यात मारावा, जागा वाचते. पण त्या दिवशी काही बोलले नाहीत.

केन्सिंग्टन ओव्हलला काकांनी काय पाहिलं ते सांगत बसत नाही, फोटो दोनशेच्या वर आहेत. पोर्ट ऑफ स्पेनला क्वीन्स पार्क ओव्हल झालं, आणि जिथे सुभाष गुप्ते लग्न करून स्थायिक झाले आणि 2002 मध्ये वारले, ते हे बेट, असं काकांनी काकूंना दोनदा सांगितलं. मैदानावरून परतताना टॅक्सीवाला बोलका निघाला. चेहरा गोरखपूरच्या गाडीत भेटावा तसा, भाषा पूर्ण त्रिनिदादची. 1845 ते 1917 या काळात सुमारे 1 लाख 43 हजार माणसं हिंदुस्थानातून मळ्यांवर मजुरीला इथे आणली, त्यांतल्या कोणाचा तरी हा पणतू. त्याने काकांचा पासपोर्ट पाहायला मागितला. काकांनी कचरतच दिला. मालक केंद्र सरकार आहे.

या निळ्या पुस्तकाचा पूर्वज इथेच आहे. मजुराला कलकत्त्यात गलबतावर चढवण्यापूर्वी एमिग्रेशन पास मिळे. एक कागद: नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव, उंची, अंगावरची खूण. सही ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची. ते पद अजून आहे. दहावी न झालेला माणूस आज आखातात मजुरीला निघाला तर परवानगी त्याच नावाच्या अधिकाऱ्याकडे मागतो. आणि त्या जुन्या कागदांना आता एकदम भाव आलाय. जुलै 2025 मध्ये पंतप्रधानांनी त्रिनिदादला जाहीर केलं की तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना सहाव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळेल. पण त्यासाठी मूळ दाखवायचं, म्हणजे पणजोबाचा पास शोधायचा.

टॅक्सीवाल्याला पास सापडला होता, त्याचा फोटो मोबाइलमध्ये होता. जिल्हा बस्ती, एवढं लागत होतं. पुढचं अक्षर त्याच्या घरात कोणालाच लागेना. काकांनी काकूंकडून चष्मा घेतला, फोटो बोटांनी मोठा केला, आणि चाळीस वर्षं फेरफाराच्या नोंदी वाचलेल्या माणसाच्या तोऱ्यात म्हणाले, “हा ठाण्याचा रकाना. कॅप्टनगंज लिहिलंय. खालचं गाव जरा थांब, कारकुनाने घाईत लिहिलंय.”

सिग्नल हिरवा झाला होता. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.