गाडी लागली

पनवेलला आलेला पाहुणा कर्नाळ्याचा किल्ला पाहतो, पक्षी पाहतो आणि परततो. मी गेल्या भाद्रपदात तिकडे गेलो आणि कळंबोलीचे ट्रक पाहून आलो. आमच्या घरी हे अजून कुणाला पटलेले नाही.

मुंबईतला लोखंडाचा बाजार सिडकोने कळंबोलीला आणून वसवला. १९८९ साली जवळच न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले. २००२ साली पुरा झालेला पुण्याचा द्रुतगती मार्ग इथूनच निघतो. तळोज्याची कारखानदारी तर हाकेच्या अंतरावर. अशा जागी ट्रकवाल्याला मालाची काय वाण, असे मला वाटले होते.

“सर, पाणवठ्यावर गर्दी असली म्हणजे आपली घागर भरतेच असं नाही,” माझा जुना विद्यार्थी म्हणाला.

हा मूळचा विट्याकडचा. बी. ए.ला माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसे. पुढे कर्ज काढून त्याने दहाचाकी गाडी घेतली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि गूळ भरायचा. तिथले अडते त्याच्या वडिलांना ओळखत. बायकोला पनवेलला परिचारिकेची नोकरी लागली, तेव्हा बिऱ्हाडाबरोबर गाडीही इकडे आली. ओळख मात्र सांगलीलाच राहिली.

पहिले तीन महिने दलालांच्या भरवशावर गेले. एकदा इंदूरचे भाडे मिळाले, चांगले वाटले. पण परतीचा माल मिळेना म्हणून चार दिवस गाडी तिथेच उभी. शेवटी मिळेल त्या दरात भरून आला. लिटरला जेमतेम चार किलोमीटर जाणारी गाडी. रिकामी धावली तरी डिझेल आणि टोल काही माफ होत नाही. एका दलालाने तर पोच पावती घेऊन उरलेले पैसे बुडवलेच. (‘पोच’ म्हणजे माणसाची कुवत, असे मी वर्गात शिकवतो. इथे पोच म्हणजे माल उतरल्याचा सही-शिक्का; तो हाती पडेपर्यंत बाकी मिळत नाही.) बँकेचा हप्ता मात्र दहा तारखेला न चुकता येई. बायकोच्या पगारातून दोन हप्ते गेले, हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

मग त्याने एक केले. गाडी उभी असली की झाडाखाली पत्ते न कुटता तळोज्यात दारोदार हिंडायचे. पत्र्याची कॉइल चाकणला पाठवणारा एक व्यापारी भेटला. आधीच्या गाडीतून माल भिजून गंजला होता, म्हणून तो चिडलेला. याने भर पावसात दुहेरी ताडपत्री बांधून पहिली खेप कोरडी पोचवली. दुसरी खेप आपोआप मिळाली. तिसऱ्या खेपेला मात्र याने अटी घातल्या: डिझेल वाढले तर भाडे वाढेल, पैसे पंधरा दिवसांत, आणि वाराई ट्रकवाल्याच्या खिशातून जाणार नाही. ‘ज्याचा माल, त्याचा हमाल’ ही ट्रकवाल्यांची जुनी मागणी. एकट्याने ती पदरात पाडून घेणे सोपे नव्हते. व्यापारी आठ दिवस बोलला नाही. नवव्या दिवशी फोन आला.

चाकण शंभरेक किलोमीटर. परतीला तिथल्या बाजारातून कांदा-बटाटा वाशीला. दर डोळ्यांत भरण्याजोगा नाही. पण दोन्ही बाजूंनी गाडी भरलेली.

आम्ही चहा पीत असतानाच एका दलालाचा फोन वाजला. नागपूर, तातडीचे, दीडपट भाडे. त्याने बशी खाली ठेवली. हप्ता चार दिवसांवर होता, हे मला ठाऊक होते.

“नाही हो शेठ, उद्या चाकणला गाडी लागलीय.”

फोन ठेवल्यावर बराच वेळ तो बोटांवर काहीतरी मोजत होता.

रात्री मीही केबिनमध्ये चढलो. खोपोलीनंतर घाट लागला. डाव्या कडेने, खालच्या गिअरमध्ये, गाडी कण्हत चढत होती. मागे साखळदंडांनी जखडलेली, लाकडी पाचरी ठोकलेली कॉइल. वळणावर साखळी जरा करकरली की तो बोलता बोलता थांबे, कान देई आणि मग राहिलेले वाक्य पुरे करी. खंडाळ्याच्या वर आल्यावर त्याने गाडी बाजूच्या थांब्यावर घेतली, बॅटरी घेऊन खाली उतरला आणि प्रत्येक पाचर हाताने चाचपून पाहिली.

“सर, तुम्ही झोपा,” तो वर चढत म्हणाला. “कांद्याची गाडी भरायला दुपार होईल.”